आखाड्यावरची हाक

माझा आवाज मोठा आहे. घरात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. आमचे हे म्हणायचे, तुला फोनची गरजच काय, खिडकी उघडून बोललीस तरी औरंगाबादला ऐकू जाईल. लोकांना वाटतं, जन्मभर बहिऱ्यांशी बोलून हिचा आवाज असा झाला. ते खरं नाही. बहिऱ्यांशी मी कायम हळूच बोलले. आवाज वाढला तो त्यांच्यासोबत आलेल्या नातेवाइकांशी भांडून.

जालना वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले आणि केस पांढरे होईपर्यंत एकाच विभागात राहिले. पाटीवर लिहिलेलं होतं कान-नाक-घसा. नाक आणि घसा नावापुरते. खरी गर्दी कानांची. दुसऱ्या विभागातल्या सिस्टर आम्हाला हसायच्या. त्यांच्याकडे बाळंतपणं, अपघात, सर्पदंश, म्हणजे मरणाशी थेट गाठ. आमच्याकडे काय, तर मळ. पण सांगते, रुग्ण आत येताना रडत आला आणि दहा मिनिटांत हसत बाहेर गेला, असं सुख त्या बिचाऱ्यांना वर्षातून चारदा मिळत असेल. मला दिवसातून चारदा मिळायचं.

कानाच्या सिस्टरचं काम म्हणजे निम्मं कापसाचं. वाहणारा कान आधी कोरडा करायचा. त्यासाठी बारीक काडीला कापूस असा गुंडाळायचा की टोक मऊ राहिलं पाहिजे आणि कापूस आत सुटता कामा नये. ती कला बोटांत अशी बसली की अजूनही दिवाळीत माझ्या वाती बघून जावा विचारतात, ताई, विकत आणल्या का? दुसरं काम पिचकारीचं. कान धुवायचं पाणी अंगाच्या उबेइतकंच कोमट हवं. जरा गार झालं किंवा जरा तापलं, की खुर्चीतला माणूस गरगरायला लागतो. मी पाणी आधी माझ्या मनगटावर घेऊन बघायची. माझ्या खुर्चीत पाण्यानं कुणाला चक्कर आली नाही, हा माझा गर्व आहे आणि तो मी सोडणार नाही.

तिसरं काम तेलाशी भांडायचं. आमच्या भागात कान दुखला की तेल, कान वाहिला की तेल, आणि कानाला काही झालं नाही तर काही होऊ नये म्हणून तेल. लसूण कढवून, कोमट करून, मायेनं. त्या तेलापायी फाटलेले पडदे किती कुजले याला गणती नाही. मी तेलाचं नाव निघालं की उभ्या ओपीडीत झापायची. एकदा एक मेंढपाळ आला, कान धरून, डोळ्यांत पाणी. कानात गोचीड शिरली होती, जिवंत, आत चालत होती. आता जिवंत किडा असला की आधी तेल घालून तो मारावा लागतो, मग काढायचा. तेलाचा तेवढा एकच हक्क. मी वाटीत तेल घेतलं तसा तो माणूस दुखणं विसरून म्हणाला, "का ओ सिस्टर, परवा माझ्या भावजयीला तेलावरून बोल बोल बोलल्या, अन् आज सोताच घालून राह्यल्या?" मी म्हटलं, तिच्या कानात गोचीड नव्हती. तो म्हणाला, "मंग गोचिडीचा मान मोठा म्हणायचा." गोचीड निघाली, ती त्यानं कागदाच्या पुडीत बांधून घरी नेली, मेंढरांना दाखवायला म्हणे.

अशा गमती पुष्कळ. पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट वेगळी, कारण तिच्यात चूक माझी होती.

नोकरीला बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हा. म्हणजे मला सगळं कळतं असं वाटायचं वय. एक दिवस विलास नावाचा पंचविशीचा पोरगा बायकोला घेऊन आला. तो एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात कामाला. बायकोचं नाव सिंधू, एकवीस-बावीस वर्षांची, डोक्यावरून पदर, नजर खाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अंबडच्या पुढे त्यांचं शेत, आणि राहायचे शेतातच, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर. विलासची आई लग्नाआधीच वारलेली. तो पहाटे टेम्पोनं कामाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर आखाड्यावर माणसं दोनच. विहिरीवर सासरा आणि घरात सून.

"हिचे कान तपासा सिस्टर," विलास म्हणाला. "बाबा हाका मारू मारू थकतात, ही ओ देत न्हाई. वासराला पाणी दावलं का इचारलं तर उत्तर न्हाई. काम सगळं करती, भाकर टायमाला देती, पण तोंडातून शबुद न्हाई. बाबा म्हणतात, ही मला माणसात धरत न्हाई."

मी विचारलं, तुझ्याशी बोलते का?

"माझ्याशी तर बराबर बोलती. हळू बोललो तरी ऐकती."

वाचकहो, इथंच मी थांबायला हवं होतं. बाहेर रांग लागली होती, डॉक्टरसाहेब सुट्टीवर होते, आणि मी मनातल्या मनात पिचकारी भरायलाही लागले होते.

विलास पुढं म्हणाला, "बाबा खोटं बोलत न्हाईत. अन् ही म्हणती, मी ओ देते. ही बी खोटं बोलणारी न्हाई. मंग म्हणलं, कानात काही दोष असल तर दोघंबी खरे ठरतील." कानात काहीतरी निघावं म्हणून इतक्या आशेनं बघणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

सिंधू हळूच म्हणाली, "मला येतं ऐकू, सिस्टर."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं, आणि तिची मान वळवून कानात उजेड टाकला. दोन्ही कानांत मळ होता. मळ बहुतेकांच्या कानात असतो, आणि कान पूर्ण बुजल्याशिवाय ऐकण्यात फार फरक पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दोष शोधणाऱ्याला दोष सापडला की तो पुढं बघत नाही. मी दोन्ही कान धुतले. ट्रेमध्ये गुळाच्या खड्याएवढा मळ पडला तो विलासला दाखवला. म्हटलं, हा बघ तुमचा भांडणाचा मुद्दा, घरी जाऊन सांग वडिलांना, आता कान स्वच्छ आहेत. विलासचा चेहरा उजळला. सिंधू जाताना दारात थांबून काहीतरी बोलायला लागली होती, पण मी पुढचं नाव पुकारलं होतं.

तीन आठवड्यांनी किसनबापू आले. सिंधूचे सासरे. धोतर, सदरा, डोक्याला पटका, अंगानं काटक, आणि आवाज असा की नाक-घशाचे पेशंटही वळून बघायला लागले. मागं सिंधू, हातात पत्र्याची पेटी.

"मळ काढणाऱ्या बाई तुमीच का?" बापूंनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग लिहून द्या. सुनंचे कान साफ हैत, कानात काही खोट न्हाई, असं बराबर लिहून शिक्का मारून द्या."

"कशाला हवंय?"

"तिला माहेरी सोडाया निघालो. भोकरदनकडं. तिथं तिचा बाप इचारल, पोरीचा दोष काय? कुणाच्या लेकीवर उगाच आळ घेणारा माणूस मी न्हाई. म्हून आधी कान तपासा म्हणलं. तुमी तपासले, धुतले, साफ निघाले. तरी दोन वरसं जसं होतं तसंच. म्हंजे ती मुद्दाम करती. एवढं कागदावर दावलं की मी मोकळा."

बापूंच्या खटल्यातला पुरावा मीच तयार करून दिला होता. मळ काढला नसता तर तिला निदान संशयाचा फायदा मिळाला असता. मी तोही धुऊन काढला.

असा दाखला डॉक्टरच देतात, आणि साहेब बारापर्यंत ऑपरेशनमध्ये होते. भोकरदनची गाडी दीडला. मी बापूंना बाकड्यावर बसायला सांगितलं आणि कपाटाकडे वळले. हात कपाटात होता, डोकं भलतीकडे. सहज विचारलं, "बापू, मागचा केसपेपर आणलाय का?"

उत्तर आलं नाही. मी मान वळवून पाहिलं. बापू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत शांत बसले होते. सिंधूनं पेटी उघडून केसपेपर काढला आणि टेबलावर ठेवला.

मी पुन्हा कपाटात तोंड घातलं. "बापू, पाणी पाहिजे का?" काही नाही. मग त्यांच्याकडे तोंड करून तेच विचारलं. "न्हाई, आत्ताच पिऊन आलो," ते गरजले.

एवढा वेळ मी चुकीच्या माणसाचे कान बघत होते. कानाची नस कमजोर झालेला माणूस मोठ्यानं बोलतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज पुरत नाही. आमच्या कामातला हा पहिला धडा. मी तो नव्या पोरींना शिकवायची, आणि इथं एक माणूस सबंध ओपीडी दणाणून सोडत होता तरी मला कळलं नव्हतं.

बरं, हे बापूंनाही माहीत नव्हतं, आणि ते कसं, हेही मला तिथंच उमगलं. विहिरीवर ऑईल इंजिन, त्याच्याशेजारी बसायचं, म्हणजे येणारा-जाणारा ओरडूनच बोलणार. विलास बोलणार तो वडिलांच्या समोर बसून, तोंड दिसेल असा. बहिरा होत चाललेला माणूस नकळत ओठ वाचायला शिकतो. सगळ्या जगात बापूंशी हळू आणि तोंड लपवून बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे सून. आमच्याकडची रीतच होती तशी. सासरा घरात शिरण्याआधी खाकरणार, सून पदर ओढून भिंतीकडे तोंड करणार, आणि उत्तर द्यायचं ते दाराआडून, पदर दातात धरून. जितका आवाज लहान तितकी पोर घरंदाज. सिंधू फार घरंदाज होती.

आता हे बापूंना सांगायचं कसं? आंधळ्याची लोकांना दया येते, बहिऱ्याचं हसू येतं. म्हणून डोळ्याचा पेशंट स्वतःहून सांगतो की दिसत नाही, आणि कानाचा पेशंट सांगतो की लोकच पुटपुटतात. 'बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं' एवढं म्हटल्याबरोबर खुर्चीतून उठून गेलेले किती म्हातारे मी पाहिले होते. बापूंनाही तसं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बाई सुनेला सामील झाली. आणि दीडची गाडी पकडली असती.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. "बापू, तुमचं म्हणणं ती मुद्दाम करते. मग आपण तिला पकडू. परीक्षा तुम्हीच घ्या."

बापूंना हे पटलं. मी त्यांच्या हातात स्टीलचा दोन बोटांचा काटा दिला, शाळेत नादकाटा म्हणतात तो. तळहाताच्या टाचेवर आपटला की बारीक गुंजतो. सिंधूला भिंतीकडे तोंड करून बसवलं. नियम एवढाच, आवाज आला की हात वर करायचा. तोवर रांगेतले लोक दारात जमले होते. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

बापू मोठे हुशार. एकदा काटा वाजवून तिच्या मागं धरला, हात वर. दुसऱ्यांदा चार पावलं मागं जाऊन धरला, हात वर. तिसऱ्यांदा आपटल्याचं नुसतं सोंग केलं. हात खालीच राहिला. चौथ्यांदा दाराशी जाऊन वाजवला, तरी हात वर.

"कान खणखणीत हैत," बापू दारातल्या लोकांना म्हणाले. "बघितलं का? मी काय खोटं बोलत होतो?"

"आता तुमची पाळी," मी म्हटलं.

"माझी कशाला?"

"नियम आहे. परीक्षा घेणाऱ्याचे कान चांगले आहेत हे लिहिल्याशिवाय तिचा दाखला होत नाही." असा कुठलाही नियम नव्हता. धर्मादाय दवाखान्यात मी एवढं खोटं पदरचं घातलं.

बापू बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसले, पाठ ताठ. काटा मी सिंधूच्या हातात दिला. तिनं काटा आपटला आणि त्यांच्या कानामागं धरला. मी दाराशी उभी होते, तिथवर मला ऐकू येत होतं. बापूंचा हात मांडीवरच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, पुन्हा. तिनं जोरात आपटला, दुसऱ्या कानाशी नेला. हात मांडीवरच. दारात कुणीतरी खुसखुसलं.

त्या क्षणी त्या पोरीला सगळं कळलं. मी तिचा चेहरा पाहत होते. दोन वर्षांचा सगळा हिशेब तिच्या डोळ्यांतून सरकला. मला वाटलं, आता सुटली बिचारी. तिनं फक्त तिसऱ्यांदा काटा वाजवायचा होता, म्हातारा हरला असता, पेटी परत अंबडला गेली असती.

तिनं तिसऱ्यांदा काटा वाजवला. मग पटकन खाली वाकली आणि काट्याचा दांडा बापू बसले होते त्या बाकड्याच्या लाकडाला टेकवला.

बापूंचा हात वर गेला.

मी इतकी चिडले म्हणून सांगू. जिच्यासाठी मी खोटं बोलले, तीच त्यांना पास करून मोकळी. तिच्या हातातून काटा हिसकावून घ्यावा म्हणून मी पुढं झाले, आणि थबकले. बापू वर केलेला हात हळूहळू खाली आणत होते. तो त्यांनी मांडीवर ठेवला नाही. बाजूला बाकड्यावर ठेवला, तळवा सपाट.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले.

सिंधू हलली नाही. मी मान डोलावली, तेव्हा तिनं काटा आपटून बाकड्याला लावला. बापूंनी तळव्यानं ते घेतलं.

"हे कानानं न्हाई आलं," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदा उतरला होता. "हे लाकडातून आलं. तीस वरसं इंजनाजवळ बसलो. इंजन आजारी पडलं तर मी पाईपाला हात लावून सांगतो कुठं दुखतंय. मला शिकवता का?" मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पयल्या दोन बारीला काटा वाजला होता का?"

दारातून तीन-चार आवाज आले, वाजला होता, वाजला होता. ते बापूंना ऐकू गेले नाहीत. मी समोर जाऊन सांगितलं, वाजला होता बापू.

बापू बाकड्यावरच मागं फिरले. सिंधूनं सवयीनं पदर ओढून भिंत गाठली.

"हे का केलंस?" बापूंनी विचारलं. "मी हरलो असतो तर तुझंच भलं होतं."

तिनं भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं. मी ऐकलं, दारातल्यांनी ऐकलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाली म्हणून. शब्द माझ्या जिभेवर आले होते. आयुष्यभर मी असे शब्द इकडून तिकडं पोहोचवत आले, मोठ्या आवाजात. त्या दिवशी कुणी शहाणपण दिलं कोण जाणे, मी तोंड मिटून घेतलं.

बापूंनी माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळलेल्या पदराकडे. मग वीस माणसांच्या देखत ते म्हणाले, "सुनबाई, इकडं फिर. पदर मागं घे. मला तोंड दिसू दे."

आज हे वाचून कुणाला काही विशेष वाटणार नाही. तेव्हा दारातली एक म्हातारी पुटपुटली, आता गं बाई. सिंधू वळायला तयार होईना. मी तिच्या खांद्याला धरून तिला खिडकीच्या उजेडात आणलं आणि एवढंच सांगितलं, ओरडू नको, सावकाश बोल, मान वर ठेव. तिनं पदर कपाळापर्यंत मागं घेतला.

"तुमी हरू नये म्हून," ती म्हणाली.

बापूंना पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा निम्मं कळलं. तिसऱ्यांदा सगळं कळलं, आणि त्यांनी पटक्याच्या शेवानं नाक पुसलं.

एवढ्यात डॉक्टरसाहेब आले आणि दाखला कुणाला पाहिजे म्हणून विचारलं. बापू उभे राहिले. "दाखला नको. माझ्या नावानं केसपेपर काढा. दोन वरसं झाली, ऐकू येत न्हाई." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून ते खुर्चीत बसले. सिंधूची मात्र मी माफी मागितली नाही, ना तेव्हा ना नंतर. सिस्टरच्या शिक्षणात तेवढा एक धडा राहून गेलेला असतो, आणि मला तो आजही टोचतो.

बापूंना यंत्र मिळायला पुढं चार-पाच महिने लागले. तेव्हा खिशात ठेवायची डबी असायची, तिला वायर आणि टोकाला कानातलं बोंडूक. बापू ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि नको असलेला पाहुणा आला की बंद करायचे. तपासायला आले की सिंधूच बोलायची, समोर उभी राहून, पदर खांद्यावर. कुणी नाव ठेवलं तर बापू म्हणायचे, मला ऐकू येत न्हाई. विलासही एकदा आला होता पेढे घेऊन, मुलगी झाली म्हणून.

पण त्या दुपारी यंत्रबिंत्र काही नव्हतं. साहेबांनी कान तपासून कागद लिहून दिले. मी बापूंना कानाची निगा सांगितली, इंजिनापासून लांब बसा, कानात कापूस घाला. सिंधूनं पेटी उचलली. दीडची भोकरदनची गाडी केव्हाच गेली होती. बापू दारापर्यंत गेले आणि वळून उभे राहिले.

"एक सांग," ते तिला म्हणाले. "मी आखाड्यावर रोज हाका मारायचो. तू खरंच ओ द्यायचीस?"

सिंधूनं मान डोलावली.

"काय म्हणायचीस?"

ती दाराच्या उजेडात त्यांच्यासमोर उभी राहिली. "आले मामा, असं म्हणायची."

बापूंनी ते ओठ पुन्हा आठवून पाहिले, स्वतःच्या ओठांनी तसे करून बघितले. मग त्या हातभर अंतरावरून, विहिरीवरून मारावी तेवढ्या मोठ्यानं त्यांनी हाक मारली, "सुनबाई."

"आले मामा."

रांगेतले लोक हसायला लागले. सिंधूही हसली, पदर न लावता. बापू तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.